डोळा पुन्हा पुन्हा लाल होतो: ड्रॉप बदलण्याआधी कारण शोधा

तक्रार बहुतेक घरांत एकाच क्रमानं येते. डोळा लाल होतो, चुरचुरतो, सकाळी पापण्या चिकटतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ड्रॉप येतो, दोन दिवसांत डोळा पांढरा होतो आणि बाटली फ्रिजवर पडून राहते. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच डोळा, तीच बाटली. तिनं भागलं नाही की शेजारच्यांना लागू पडलेली दुसरी. नागपुरात तर औषधाच्या दुकानालाही ‘मेडिकल’ म्हणतात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यालाही. ‘मेडिकलमधून आणलं’ आणि ‘मेडिकलला दाखवलं’ यांत फरक एका प्रत्ययाचा, पण डोळ्याच्या बाबतीत तो महागात पडतो.

वारंवार लाल होणाऱ्या डोळ्याला दर वेळी नवा जंतू लागलेला असतो असं नाही. पुष्कळदा कारण एकच असतं आणि ते जागच्या जागी बसलेलं असतं: उशाशी लावलेला कुलर, पापणीच्या कडेची घाण, गळ्यातला दुपट्टा, नाहीतर खुद्द ती बाटली. ड्रॉपनं लालपणा दबतो, कारण तसंच राहतं. म्हणून कोणता ड्रॉप घालायचा हे इथे सांगितलेलं नाही. काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं, ते सांगितलं आहे.

आधी कॅलेंडर वाचून बघा

भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सहा-सात पावलं मागे उभे राहा. चष्मा असेल तर घाला. एक डोळा तळव्यानं झाका, दाबू नका, आणि तारखा वाचा. मग दुसऱ्या डोळ्यानं वाचा. चिपडं पुसून, दोनदा पापण्या मिटूनही लाल डोळ्याला आकडे नेहमीपेक्षा धूसर दिसत असतील, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

त्याच दिवशी जायचं अशी आणखी काही लक्षणं आहेत. नुसती चुरचूर नव्हे तर ठणका. उजेडाकडे बघवत नाही. काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतो. दोन बाहुल्यांचा आकार सारखा नाही. डोळ्यात काही उडालंय किंवा मार लागलाय. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा कितीही साधा वाटला तरी घरी ठेवायचा नाही. एक महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे चिकटत असतील, पापण्या सुजल्या असतील, तर आईचं दूध डोळ्यात घालून वाट बघणं धोक्याचं आहे. जन्माच्या वेळी लागलेला संसर्ग बाळाच्या बुबुळाला काही दिवसांतच भोक पाडू शकतो.

दर वेळी तोच एक डोळा लाल होतो, दुसरा कधीच नाही, असं असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्या. ओठाच्या कडेला तापानंतर पुळ्या आणणारा हर्पीसचा विषाणू बुबुळावरही परत परत उठतो, आणि बहुधा एकाच डोळ्यात. डोळ्याच्या आतल्या पडद्यांची सूज, म्हणजे युव्हायटिस, हीसुद्धा अशीच परतते. तिच्यासोबत कधी सकाळी कंबर आखडण्याची तक्रारही असते. दोन्ही आजार मशीनखाली डोळा बघितल्याशिवाय ओळखता येत नाहीत.

बाटलीवरची बारीक अक्षरं

घरात डोळ्याच्या जितक्या बाटल्या असतील तितक्या टेबलावर काढा आणि घटक वाचा. मोबाइलनं फोटो काढून मोठा केला तर अक्षरं दिसतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एकही नाव असेल तर तो स्टिरॉइड ड्रॉप आहे. पुष्कळदा तो एखाद्या अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतो, त्यामुळे लोक त्याला ‘इन्फेक्शनचा ड्रॉप’ समजतात.

झटपट गुण येतो तो यानंच, आणि अडचणही हीच. सूज कोणत्याही कारणाची असो, स्टिरॉइड तिला बसवतं, म्हणून दोन दिवसांत डोळा पांढरा दिसतो. पण हर्पीस किंवा बुरशी असेल तर वरून शांत दिसणाऱ्या डोळ्यात ती मोकाट वाढते. आठवडेच्या आठवडे घातलं तर काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो. दाब वाढताना दुखत नाही, लालही होत नाही. नजर कडेनं कमी होत जाते आणि कळतं तोवर गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू लवकर होतो तो वेगळाच. डॉक्टर स्टिरॉइड देतात, द्यावंही लागतं, पण किती दिवस आणि कसं कमी करायचं हे ठरवून, मध्ये दाब मोजून. जुन्या चिठ्ठीवर तीच बाटली पुन्हा आणण्यात यातलं काहीच होत नाही. तुम्ही असा ड्रॉप बरेच दिवस घालत असाल तर आज एकदम बंदही करू नका. डॉक्टरला दाखवा, ‘दाब मोजून द्या’ असं स्पष्ट म्हणा.

दुसरा प्रकार डोळा ‘चमकदार’ करणाऱ्या ड्रॉपचा. त्यात नाफाझोलीनसारखं औषध असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, डोळा जास्त लाल दिसतो, माणूस पुन्हा ड्रॉप घालतो. दिवसातून चार वेळा असं महिनाभर चाललं असेल तर लालपणाचं कारण सापडलं म्हणा.

आता बाटलीचं वय. उघडल्यावर साधारण २८ दिवसांनी बहुतेक ड्रॉप टाकून द्यायचे असतात, मग एक्स्पायरी दोन वर्षं पुढची का असेना. ती न उघडलेल्या बाटलीची तारीख आहे. उघडल्याचा दिवस पेनानं लेबलवर लिहून ठेवा. टोक पापणीला किंवा बोटाला लागलं की बाटलीत जंतू जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब ते परत डोळ्यात नेतो. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक चूक सर्रास होते: ड्रॉप गाडीच्या डिक्कीत. लेबलवर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याहून कितीतरी जास्त तापते. असा ड्रॉप डोळ्यात जळजळ करतो आणि काम करेल याची खात्री नसते.

घालण्याची पद्धतही बघून घ्या, कारण ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं औषध गालावरूनच वाहून जात असतं. हात साबणानं धुवा. मान मागे, खालची पापणी बोटानं ओढून खळगा करा, वर बघा, एक थेंब. एकच, डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते, दुसरा बाहेरच येतो. डोळा हलके मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दोन मिनिटं दाबून ठेवा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. मलम सगळ्यात शेवटी.

कुलरची हवा

मार्च सरता सरता कुलर लागतो आणि पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत चालतो. त्याच महिन्यांत डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटण्याची तक्रार वाढते. कुलरच्या हवेत ओलावा असतो हे खरं. पण डोळ्याला त्रास ओलाव्याच्या कमतरतेपेक्षा वाऱ्याच्या झोताचा होतो. झोत सरळ तोंडावर आला की अश्रूंचा थर भराभर उडतो. त्यात काही जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, एखाद-दोन मिलिमीटर फट राहते. त्या फटीतून रात्रभर बुबुळाचा खालचा भाग सुकतो. अशा माणसाची तक्रार ठरलेली असते: उठल्या उठल्या सगळ्यात जास्त टोचतं, तोंड धुऊन तासाभरात कमी होतं. एका कुशीवर झोपणाऱ्याला वरचा, म्हणजे वाऱ्याकडचा डोळा जास्त त्रास देतो. झोपेत फट राहते का हे स्वतःला कळत नाही; घरच्या कुणाला तरी मध्यरात्री टॉर्च न मारता, नाइट लॅम्पच्या उजेडात बघायला सांगा.

चाचणी तीन रात्रींची आहे. कुलरच्या जाळ्या वर किंवा बाजूला वळवा, किंवा खाट फिरवून पाय कुलरकडे करा. या तीन दिवसांत लालपणावरचा कोणताही नवा ड्रॉप घालू नका, नाहीतर गुण कशानं आला ते कळणार नाही. (डॉक्टरनं दिलेलं चालू औषध बंद करायचं नाही.) चौथ्या सकाळी फरक असेल तर कारण सापडलं. झोत अंगावर हवाच असेल तर तो कमरेखाली घ्या. फट राहणाऱ्यांना झोपताना घालायचं ओलावा टिकवणारं जेल डॉक्टर देतात, आणि त्यानं खरंच फरक पडतो.

दुसरी गोष्ट हंगामाच्या पहिल्या दिवसाची. वर्षभर गच्चीवर पडलेला कुलर पुसून तसाच सुरू केला की ताट्यांमधली धूळ आणि बुरशीचा भुगा खोलीत येतो. जुन्या गवताच्या ताट्या काढून नव्या लावा. हनीकोम्ब असेल तर मागून पाण्याची धार मारून धुवा. टाकी ब्रशनं घासा, पहिलं पाणी ओतून द्या. मग दहा मिनिटं नुसता पंप चालवा, पंखा बंद ठेवून. ताट्या पूर्ण भिजल्या की पंखा. रोजही हाच क्रम ठेवा: आधी पंप, मग पंखा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासून काढा. कडांना चिकटलेली अंडी पाणी बदलून जात नाहीत, त्यामुळे डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

ऑफिसात एसीची झडप तोंडावर असेल तर हिशेब तोच. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतो, त्यामुळे दुपारी चार-पाचला डोळे लाल होणाऱ्यांनी आधी मॉनिटर नजरेच्या रेषेच्या थोडा खाली घ्यावा. डोळा जितका कमी उघडा तितका कमी सुकतो.

खाज असेल तर

लाल डोळ्यात मुख्य तक्रार खाज असेल, आणि पाणी किंवा दोऱ्यासारखा पांढरा चिकट स्राव येत असेल, तर संसर्गापेक्षा ॲलर्जीचा संशय आधी घ्यावा. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये, मुलग्यांत जास्त, एक हट्टी प्रकार दिसतो; उष्ण आणि कोरड्या हवेच्या भागात तो अधिक, आणि नागपूरचा उन्हाळा त्यासाठी अगदी तयार जमीन. दर उन्हाळ्यात मूल डोळे चोळत बसतं. वय वाढलं की आजार बहुधा आपोआप ओसरतो. पण तोवर दोन नुकसानं होऊ शकतात: चोळून चोळून बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार येतं, किंवा दर उन्हाळ्याला दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडनं दाब वाढतो. पहिलं थांबवायला बर्फाच्या पाण्यात बुडवून पिळलेला फडका मिटल्या डोळ्यावर पाच मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. बाहेरून आल्यावर तोंड आणि पापण्या गार पाण्यानं धुवायच्या, उघड्या डोळ्यावर सपकारे मारायचे नाहीत. दुसरं थांबवायला डॉक्टर.

पापणीची कड आणि रांजणवाडी

सकाळी पापण्या चिकटतात, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात, आणि वर्षातून तीन-चारदा रांजणवाडी होते, हे तिन्ही एकाच माणसात असेल तर दुखणं पापणीच्या कडेचं आहे. तिथल्या तेलाच्या ग्रंथींची तोंडं बुजतात. अँटिबायोटिक ड्रॉपनं ती उघडत नाहीत. शेकानं उघडतात.

स्वच्छ सुती फडका सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा. आधी मनगटावर लावून बघा. मिटल्या डोळ्यांवर ठेवा. फडका दोन मिनिटांत गार होतो आणि लोक तिथेच थांबतात, म्हणून गुण येत नाही. पुन्हा बुडवा, असं करत पूर्ण दहा मिनिटं. लगेच बोटानं पापणीला कडेच्या दिशेनं मालिश करा: वरची वरून खाली, खालची खालून वर. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, त्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीनं केसांच्या मुळांची रेघ पुसा आणि साध्या पाण्यानं धुऊन टाका. दिवसातून दोनदा, तीन आठवडे. नंतर एकदा, कायम. कंटाळवाणं आहे, पण सोडलं की महिन्याभरात परत येतं.

रांजणवाडी उठलीच तर शेक दिवसातून चारदा. पिळायची नाही, केस उपटायचा नाही, लवंग उगाळून लावायची नाही; उगाळलेलं घसरून डोळ्यात जातं. सूज पापणीभर पसरली, ताप आला किंवा डोळा हलवताना दुखलं तर दवाखाना. आणि सारख्या रांजणवाड्या होणाऱ्या मोठ्या माणसानं एकदा साखर तपासून घ्यावी.

काजळाची डबी इथेच येते. एका डबीत घरातल्या तिघींची बोटं जात असतील तर पापणीचा संसर्गही तिघींत फिरतो. सुरम्यात शिसं असू शकतं, त्यामुळे लहान मुलांना तो नकोच.

दुपट्टा आणि डोळ्यांची साथ

नवतप्यात, म्हणजे मे सरतानाच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) बघा, उघडं तोंड क्वचितच दिसतं. उन्हापासून दुपट्ट्यासारखी सोय नाही. मात्र त्याच दुपट्ट्यानं घाम पुसला जातो, सीट झटकली जाते, लेकराचं नाक पुसलं जातं आणि डोळ्यात धूळ गेली की त्याच्याच टोकानं डोळा. दुपट्टा रोज धुवायचा. डोळ्यासाठी वेगळा रुमाल, किंवा कागदी रुमाल वापरून टाकायचा. उशीची खोळ आठवड्यातून दोनदा बदला. गाडीवर हेल्मेटची काच खाली. सिमेंट रोडचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून जाताना तर बिना काचेचं जाऊच नका, कारण सिमेंटचा कण नुसता खुपत नाही, तो भाजतो.

दोन-तीन दिवसांत एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात, मग घरातल्या दुसऱ्या माणसात असं पसरलं तर ते ‘डोळे आले’. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर जी साथ आली ती सगळ्यांना आठवत असेल. अशा साथीमागे बहुधा विषाणू असतो, पुष्कळदा ॲडिनोव्हायरस. अँटिबायोटिक ड्रॉप त्याला मारत नाही. एक-दोन आठवड्यांत तो आपला आपण जातो. नुसतं बघितल्यानं डोळे येत नाहीत. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो आणि हात डोळ्याकडे जाण्यापासून अडवतो, इतकाच त्याचा उपयोग. पसरतं ते हातानं, टॉवेलनं, रिमोट-मोबाइल-दाराच्या कडीनं, आणि कोरड्या पृष्ठभागावर हा विषाणू कित्येक दिवस तग धरतो. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर इथे फार भरवसा ठेवू नये. साबण, वाहतं पाणी, २० सेकंद.

घरात ‘परत परत डोळे येतात’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की साथ चौघांत फिरून परत आली. आजारी माणसाचा टॉवेल, उशी, ड्रॉप वेगळे. ड्रॉप दोन्ही डोळ्यांत घालायचा असेल तर शक्यतो आधी बऱ्या डोळ्यात, मग आजारी डोळ्यात. त्या काळातलं काजळ टाकून द्या. पाणी वाहायचं थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका. लाली गेल्यावर दिसणं धूसर झालं, दिव्याभोवती चकाकी वाटली तर मात्र परत दाखवा. बुबुळावर बारीक डाग राहतात आणि त्यांना वेगळा इलाज लागतो.

डोळ्यात चुना

हे वारंवार होणारं दुखणं नाही, पण पानठेल्यांच्या आणि खर्ऱ्याच्या (चुना घालून घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या) गावात सांगितलंच पाहिजे. चुन्याची पुडी किंवा ट्यूब घरात खिडकीत, कपाटावर पडलेली असते. मूल ती दाबतं, फुटते, आणि चुना सरळ डोळ्यात. ॲसिडपेक्षा चुना जास्त वाईट. ॲसिड वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं आणि बहुधा तिथेच अडतं. चुन्यासारखा क्षार पेशींची चरबी विरघळवत आत आत जातो. डोळा लाल न होता पांढराफटक दिसला तर लोक ‘फारसं नाही झालं’ म्हणतात. खरं तर रक्तवाहिन्या जळल्याची ती खूण आहे.

पहिल्या मिनिटाची किंमत इथे पुढच्या सगळ्या उपचारांपेक्षा जास्त. जवळचा नळ उघडा. उकळलेलं पाणी, गुलाबजल, दूध शोधू नका, आणि ‘उतारा’ म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर तर अजिबात नको. मुलाला आडवं करून डोकं त्या डोळ्याच्या बाजूला वळवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. एकानं धरायचं, दुसऱ्यानं दोन बोटांनी पापण्या फाकवायच्या, तिसऱ्यानं पेल्यानं किंवा मगानं नाकाकडून कानाकडे सतत बारीक धार सोडायची. मूल किंचाळेल, डोळा गच्च मिटेल; पापणी फाकवली नाही तर पाणी नुसतं गालावरून जातं. वरची पापणी उचलून तिच्याखाली पाणी जाऊ द्या, चुन्याचे खडे तिथेच अडकून राहतात आणि तासन्‌तास विरघळत राहतात. दिसणारा खडा ओल्या कापसाच्या काडीनं उचला. घड्याळ लावून किमान ३० मिनिटं. मग दवाखाना, आणि वाटेतही बाटलीनं धार चालू. पुडी सोबत न्या. गाडीची सोय नसेल तर १०८.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी, संडास धुण्याचं ॲसिड, रंगकामातला चुना, ओलं सिमेंट: कृती हीच. मिरचीचा हात लागला तर जळजळ भयंकर, पण इजा सहसा राहत नाही. पाण्यानं धुवा, आणि हात आधी तेल चोळून मग साबणानं, कारण तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही.

कण, काडी, मांजा

हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत डोळ्यात कण जाणं इतकं रोजचं आहे की सोबतचा कारागीर रुमालाच्या टोकानं, कधी सुईनं तो काढून देतो. लोखंडाचा कण बुबुळावर बसला की काही तासांत त्याभोवती गंजाची कडी धरते. कण निघाला तरी कडी उरते आणि डोळा पुन्हा पुन्हा लाल होतो. पाण्यात डोळा उघडझाप करून निघाला तर ठीक. नाही निघाला तर चोळू नका, दाखवा. हातोडी-छिन्नीचं काम करताना उडालेला तुकडा तर बुबुळ भेदून आत जाऊ शकतो आणि दुखतंही थोडंच. अशा डोळ्याचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होतो. ‘लोखंड आत असू शकतं’ हे आधी सांगा, म्हणजे कुणी एमआरआय करणार नाही. गॉगल पॉलिकार्बोनेटचा, बाजूनं बंद, आयएस ५९८३ लिहिलेला असावा. नजरेचा चष्मा त्याची जागा घेत नाही.

वेल्डिंगच्या उजेडाचा त्रास सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री सुरू होतो: आग, पाणी, डोळा उघडत नाही. बुबुळाची वरची साल सोललेली असते आणि ती एक-दोन दिवसांत भरते. त्या रात्री सुन्न करणारा ड्रॉप कुणी देऊ केला तर घेऊ नका. दुखणं थांबतं, पण वारंवार घातला तर जखम भरणंही थांबतं.

शेतात पऱ्हाटीची काडी, तुरीचं खुंट, मळणीचं कुटार डोळ्यात गेल्यावर पाच-सहा दिवसांनी हळूहळू लाली वाढली आणि काळ्यावर पांढरा डाग आला, तर तो बुरशीचा व्रण असण्याची शक्यता मोठी. इथे स्टिरॉइडचा एक ड्रॉपसुद्धा डोळा घालवू शकतो, आणि जिभेनं कचरा काढणं किंवा पाल्याचा रस पिळणं म्हणजे जखमेत आणखी जंतू. अशा रुग्णाला तालुक्याला आठ दिवस न घालवता थेट नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा बुरशीची तपासणी होते अशा डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. आठवडेच्या आठवडे औषध चालतं. मध्ये बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.

संक्रांतीच्या आसपास गाडी हळू आणि हेल्मेटची काच खाली. बंदी असूनही नायलॉन मांजा उडतोच. पापणी किंवा डोळा कापला गेला असेल तर इथे उलटं: धुवायचं नाही, दाबायचं नाही, रक्त पुसायला जायचं नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून कडा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवा, चिकटपट्टी लावा. खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशनसाठी भूल द्यावी लागू शकते.

लेन्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: नळाचं पाणी लेन्सला आणि डबीला लावायचं नाही, घालून झोपायचं आणि पोहायचं नाही, उरलेल्या सोल्यूशनमध्ये नवं ओतायचं नाही, डबी तीन महिन्यांनी बदलायची.

डॉक्टरकडे जाताना

धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात जा की मेयोत, रांगेत बसण्याआधी एक कागद तयार ठेवा: गेल्या सहा महिन्यांत डोळा कोणत्या तारखांना लाल झाला, डावा की उजवा, सकाळी जास्त की संध्याकाळी, खाज होती की ठणका, आणि काय केल्यावर थांबला. घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. रिकाम्याही. लेबल फाटलेल्या असतील तरी.